डाग कुणाचा

पहिल्या दिवशी होले मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला. "लिव्हर कुठं असतं?"

मी तोवर शिरूरच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करत होतो. बायपासजवळ नवीन स्कॅन सेंटर निघालं, तिथं डॉक्टर बोलतील ते रिपोर्ट टाइप करायला माणूस पाहिजे होता, म्हणून गेलो होतो. मी हात डाव्या बरगडीवर ठेवला. मॅडमनी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"उजवीकडं असतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही चुकीच्या बाजूला टाइप केलंत तर मला कळेल. बसा."

पुढं नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. नऊ वर्षांत त्या माझ्याशी लिव्हरवरच जास्त बोलल्या. माझ्या बायकोचं नाव त्यांना सातव्या वर्षी कळलं. आमच्या पुतण्याच्या काविळीची तारीख मात्र पहिल्याच वर्षी पाठ झाली होती.

मॅडम दौंडच्या. वडील रेल्वेत होते, त्यांनी तिथंच घर बांधलं. त्या घरात मॅडम आणि त्यांची निवृत्त शिक्षिका असलेली मोठी बहीण अशा दोघीच राहायच्या. रोज सकाळी दौंडहून एसटीनं शिरूरला यायच्या आणि संध्याकाळी एसटीनंच परत. सेंटरच्या मालकांनी गाडी पाठवायची तयारी दाखवली होती. मॅडम म्हणाल्या, "गाडीत ड्रायव्हर बोलतो." विषय तिथं संपला.

अंगानं बुटक्या, पन्नाशी ओलांडलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा. मशीनसाठी सेंटरमध्ये बारा महिने एसी असायचा, त्यामुळं त्या बारा महिने तपकिरी स्वेटर घालायच्या. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर पाघळलेलं असताना मॅडम स्वेटर आणि पायमोजे घालून चहाच्या टपरीवर उभ्या राहायच्या. नवीन माणूस वळून बघायचा. जुने म्हणायचे, "एमारायवाल्या बाई हायेत."

पाठीचे मणके आणि गुडघे यांचे स्कॅन त्या मेथी निवडावी तसे भराभर उरकायच्या. लिव्हर आलं की खुर्ची पुढं ओढायच्या, चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि पेन्सिल अंबाड्यात खोचायच्या. मग अर्धा-पाऊण तास त्या खोलीत कुणी बोलायचं नाही. टेक्निशियन महेश दारातून डोकावला तरी मी हातानंच त्याला परत पाठवायचो.

लिव्हरमध्ये एवढं बघण्यासारखं काय असतं, हे मी एकदा विचारलं. मॅडमनी पडद्यावरचा एक पांढरा ठिपका दाखवला. "सोनोग्राफी सगळीकडं झाली आहे. पोट दुखलं की सोनोग्राफी. त्यात असा डाग निघतो. निम्म्या शिरूर तालुक्याच्या लिव्हरवर काहीतरी डाग असेल. डाग दिसला एवढंच त्यांना कळतं. कुणाचा आहे ते कळत नाही."

तो डाग पाण्याचा असू शकतो, रक्तवाहिन्यांच्या गुंत्याचा, चरबीचा, पुवाचा, जंताचा किंवा कॅन्सरचा. सोनोग्राफीत बरेचदा सगळे सारखेच दिसतात. एमआरआयमध्ये नसेतून एक औषध सोडतात आणि ठराविक वेळानं फोटो काढत जातात. औषध रक्ताबरोबर लिव्हरमध्ये पोचतं आणि प्रत्येक डाग ते आपापल्या तऱ्हेनं घेतो. मॅडम शेतकऱ्यांना हे फार सोपं करून सांगायच्या. "कालव्याचं पाणी सुटल्यावर सगळी रानं एकसारखी भिजतात का?"

"न्हाई. समदं जमिनीवर हाय."

"तसंच. एक वावर पटकन भरतं आणि पटकन निचरून जातं. एक बांधाकडून भिजत भिजत मधे येतं आणि ओल धरून बसतं. एकाला पाणी चढतच नाही. मी इथं बसून ते बघते."

लोकांना हे लगेच पटायचं. एका बागायतदारानं तर त्यांना आपल्या निचरा न होणाऱ्या दोन एकरांबद्दल सल्ला विचारला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि "हे माझ्याकडं नाही" असं सांगितलं.

सगळ्यात अवघड काम श्वासाचं. फोटो निघत असताना पंधरा-वीस सेकंद श्वास थांबवावा लागतो, तोही सोडून थांबवायचा. आपल्याकडच्या माणसाला "श्वास थांबवा" म्हटलं की तो आधी छाती भरून घेतो. मशीनमध्ये आडवं झाल्यावर घाबरून तर आणखीच. फोटो हलतो, डाग पुसटतो. म्हणून मॅडम बाहेरच्या बाकावर येऊन स्वतः सराव घ्यायच्या. "श्वास घ्या. सोडा. सगळा सोडा. आता थांबा." पेशंटबरोबर त्याची बायको, भाऊ, जीपवाला, असे बाकावरचे सगळेच थांबायचे. वीस सेकंद अख्खी ओळ गप्प. कारेगावहून एका कामगाराला घेऊन आलेला त्याचा बिहारी मित्र हे बघून महेशला म्हणाला, "योगा भी होता है यहाँ?"

मॅडमची एक लांब वही होती. रिपोर्ट गेला की बाकीच्यांचं काम संपायचं, मॅडमचं संपायचं नाही. प्रत्येक लिव्हरचा आपला अंदाज त्या पेन्सिलीनं वहीत लिहायच्या आणि पुढं एक रकाना कोरा ठेवायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी त्या पुण्याच्या सर्जनला, गावच्या डॉक्टरला, नाहीतर सरळ पेशंटला फोन करायच्या. नमस्कार, ओळख वगैरे काही नाही. "काय निघालं?" एवढंच. उत्तर आलं की रकाना भरायचा. काही सर्जन त्यांचा नंबर बघून फोन उचलायचे नाहीत. मग त्या माझ्या फोनवरून लावायच्या.

तळेगाव ढमढेऱ्याच्या शकुंतलाबाईंची गोष्ट सेंटरमध्ये सगळ्यांना पाठ होती. घरची मोठी बागायत, नवरा सोसायटीचा चेअरमन. बाईंच्या पोटात दुखलं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि लिव्हरवर एक मोठा डाग निघाला. नात्यातला एकजण मेडिकल दुकान चालवायचा. त्यानं रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि काही बोलला नाही. तेवढ्यावर घरात रडारड झाली. बाईंना आमच्याकडची स्कॅनची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली होती. त्या आठ दिवसांत लेकी माहेरी आल्या, आणि बाईंनी पाटल्या थोरल्या सुनेला, मोहनमाळ धाकटीला आणि पैठणी लेकीला देऊन टाकली.

स्कॅनला अकरा माणसं आली. मॅडमनी अकराही जणांकडून श्वासाचा सराव करून घेतला. औषध गेलं, फोटो निघाले. कडेनं ठिपके ठिपके भरत डाग हळूहळू मधे भरत आला आणि शेवटपर्यंत उजळ राहिला. मॅडम शेवटचा फोटो येईपर्यंत खुर्चीतून उठल्या नाहीत. चेअरमन बाहेर येरझाऱ्या घालत होते. मग मॅडम बाहेर आल्या.

"रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. बहुतेक जन्मापासून असेल. कॅन्सर नाही. काही करायचं नाही."

चेअरमन येरझाऱ्या थांबवून पुढं आले.

"म्हंजी पुण्याला न्यायचं न्हाई?" चेअरमननी विचारलं. त्यांनी पुण्यात ओळखी काढून ठेवल्या होत्या.

"खड्यांसाठी न्या. यासाठी नको."

लेकी रडायला लागल्या. शकुंतलाबाई मात्र विचारात पडलेल्या. त्यांनी मॅडमना जरा बाजूला घेतलं. "बाई, आता पाटल्या माघारी मागू का? थोरली जरा तसल्या सभावाची हाय."

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला. "ते एमआरआयमध्ये दिसत नाही," त्या म्हणाल्या.

दुसरी गोष्ट न्हावऱ्याकडच्या एका मेंढपाळाची. बिरा त्याचं नाव. ताप आणि उजव्या कुशीत दुखणं. शिरूरातल्या एका तरुण डॉक्टरनं सोनोग्राफी बघून लिव्हरमध्ये पू आहे असं ठरवलं आणि खात्रीसाठी आमच्याकडं पाठवलं. स्कॅन झाल्यावर नातेवाईक त्याला लगेच परत दवाखान्यात घेऊन गेले. दवाखाना हायवेच्या पलीकडं होता. मॅडम फोटो बघायला बसल्या आणि दोनच मिनिटांत उठल्या. मोठ्या पिशवीच्या आत लहान लहान पिशव्या होत्या. मेंढरं आणि कुत्री सांभाळणाऱ्यांत एक जंत लिव्हरमध्ये असं घर करतो. पू समजून तयारीशिवाय त्यात सुई घातली आणि आतलं पाणी पोटात सांडलं, तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो.

दवाखान्याचा फोन लागेना. मॅडम स्वेटर घातलेल्या, पायमोज्यांवर चपला चढवून हायवेकडं निघाल्या. उसाचे ट्रॅक्टर, कंपन्यांचे ट्रेलर सगळे सुसाट. मॅडमनी हात वर केला आणि चालायला लागल्या. मी फाइल घेऊन मागं. एका ट्रेलरवाल्यानं ब्रेक मारून जे काही म्हटलं ते हिंदीत होतं. मॅडमनी लक्ष दिलं नाही.

आत बिरा टेबलावर पालथ्या हातानं डोळे झाकून पडलेला, डॉक्टरच्या हातात सुई. मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सुई लावू नका."

डॉक्टर चिडला. "मॅडम, ताप चढतोय. तुमच्या रिपोर्टची वाट कुठवर बघू?"

"मीच रिपोर्ट आहे," मॅडम म्हणाल्या.

त्यानं सुई खाली ठेवली. मग फोटो बघितले आणि खाली बसला. पुढं त्याच डॉक्टरनं बिराला औषधं सुरू करून पुण्याला पाठवलं आणि तिथं नीट ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी बिरा सेंटरला आला. मॅडमनी वही उघडली. "काय निघालं?"

"पिशवी निघाली, आन् तिच्यात पिशव्या. द्राक्षाच्या घडावानी. एवढाली एवढाली." त्यानं बोटांनी मापं दाखवली. "पर मला म्हनले फेकून दिली. माझ्या अंगातली व्हती ना ओ? दावायची तरी."

मॅडमनी रकान्यात लिहिलं, द्राक्षाच्या घडासारखं. सर्जनचा इंग्रजी रिपोर्टही आला होता. तो त्यांनी उतरवून घेतला नाही.

अशा गोष्टींमुळं लोक मॅडमना मानायचे. पण मला त्या खरंच कळल्या त्या जगताप मामांच्या वेळी, आणि ती गोष्ट मॅडमच्या चुकीची आहे.

जगताप मामा दौंडचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. वक्तशीर माणूस. साडेदहाची वेळ दिली तर दहा एकोणतीसला दारात. त्यांच्या लिव्हरवर दीड-दोन सेंटिमीटरचा डाग सोनोग्राफीत निघाला होता. मॅडमनी स्कॅन बघितला आणि रक्तवाहिन्यांचा गुंता, काळजी नको, असं सांगितलं. मी टाइप केलं. मामा घड्याळात बघून निघून गेले.

चार महिन्यांनी एका सकाळी मी आलो तर मॅडम आधीच खोलीत होत्या. खोलीतला एसी अजून लावलेला नव्हता, तरी स्वेटर घातलेला. पडद्यावर मामांचे जुने फोटो. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला त्या वहीतले कोरे रकाने बघून जुने फोटो पुन्हा उघडायच्या, त्यात हे निघालं होतं.

"शेलार, इकडं बघा. औषध पोचल्यावरचा हा पहिला फोटो. हे खोकलेत. सगळं पुसटलंय. मी उरलेल्या फोटोंवरून अंदाज केला." त्यांनी पुढचा फोटो लावला. "आणि शेवटी हा डाग आजूबाजूच्यापेक्षा थोडा काळा पडलाय. फार नाही. पण गुंता काळा पडत नाही. ओल धरून राहतो."

मला तो काळेपणा दिसला नाही. मी टाइपरायटरवरून आलेला माणूस. पण मॅडमचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"टाइप करा," त्या म्हणाल्या, आणि आपल्याच रिपोर्टवर दुरुस्तीचा रिपोर्ट सांगितला. आधीचं निदान चुकलं आहे, पुन्हा बघता हा डाग संशयास्पद आहे, ताबडतोब परत स्कॅन करावा. 'चुकलं' हा शब्द त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला.

मालकांना महेशकडून कळलं. मालक वाईट माणूस नव्हते. ते खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, पेशंटनं काही विचारलंय का?"

"नाही."

"त्याच्या डॉक्टरनं?"

"नाही."

"मग कुणी विचारलं?"

"मी."

"असं करू. चार महिने झालेत, तपासणीसाठी या म्हणून बोलवू. स्कॅन आपल्याकडून करू. जे असेल ते निघेल, त्याला उपचारही मिळेल. पण आधीचं चुकलं असं लिहून कशाला द्यायचं? सेंटरचं नाव जाईल."

कल्पना वाईट नव्हती, असं मलाही वाटलं. मॅडमनी सुद्धा विचार केला. पेन्सिल काढून परत अंबाड्यात खोचली. "नाव थोडं जाईल," त्या म्हणाल्या. "पण चार महिने त्यांचे गेलेत. कुणामुळं गेले ते त्यांना माहीत पाहिजे."

मालक उठून गेले. मी मॅडमना विचारलं, "मॅडम, पहिला रिपोर्ट मीच टाइप केला होता. माझं काही चुकलं होतं का?"

"तुमचं स्पेलिंग बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी आम्ही दौंडला गेलो. रेल्वे कॉलनीच्या मागं मामांचं बैठं घर, दारात तुळस आणि एक जुना हिरवा-लाल कंदील टांगलेला. मामींनी चहा केला. एवढ्या मोठ्या डॉक्टरीण बाई घरी आल्या म्हणून मामी खूश होत्या, पोहे करते म्हणत होत्या. मॅडम म्हणाल्या, "बसा. तुम्हीपण ऐका."

त्यांनी सगळं सांगितलं. फोटो कसा हलला होता, आपण काय समजलो, आता काय दिसतंय. आडपडदा ठेवला नाही आणि रडवेला सूरही लावला नाही. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी सिग्नल चुकला."

"सिग्नल होता. मी वाचला नाही."

"आमच्याकडं असं झालं की चौकशी बसायची."

"बसली. आज सकाळी. मीच बसवली."

मामांनी मान हलवली. त्यांना ते रीतसर वाटलं असावं. मॅडमनी विचारलं, "मामा, पूर्वी कधी कावीळ झाली होती?"

"झाली व्हती की. नोकरी लागली त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी. रेल्वेच्या दवाखान्यात म्हनले, बी का काय तसली हाय, आयुष्यभर जपा. मी काय जपलो न्हाई."

मॅडमनी डोळे मिटले. असली जुनी कावीळ असलेल्या लिव्हरमध्ये कुठल्याही डागाकडं वेगळ्या नजरेनं बघायचं असतं, हे इतकी वर्षं टाइप करून मलाही ठाऊक होतं. फॉर्मवर तो रकाना कोरा होता. "हे मी तेव्हा विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"मी बी सांगितलं न्हाई."

"विचारल्याशिवाय कोण सांगतं?"

मामी इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. "चार महिनं आमी निवांत झोपलो व्हतो ओ, बाई," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मॅडमसमोरचा कप अर्धा भरलेला होता. मामींनी तो उचलला आणि आत नेला.

तिसऱ्या दिवसाची वेळ देऊन आम्ही निघालो. रस्त्यावर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुम्ही पुढं व्हा, शेलार." त्यांचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं. त्या उलट्या दिशेला, स्टेशनकडं चालत गेल्या.

दुसऱ्या स्कॅनच्या वेळी मशीनच्या खोलीत धातू चालत नाही म्हणून महेशनं मामांना घड्याळ काढायला सांगितलं. चार महिन्यांपूर्वी त्यांनी ते निमूट काढलं होतं. या वेळी हातात धरून बसले. मॅडमनी हात पुढं केला. "माझ्याकडं द्या. मी बाहेर बसून सेकंद मोजते." मामांनी घड्याळ दिलं. मग ते असे स्तब्ध पडले की एकही फोटो हलला नाही. डाग थोडा वाढला होता. पहिल्या फोटोत लख्ख उजळला आणि शेवटी काळा पडला. आता मलाही दिसला.

पुण्याला ऑपरेशन झालं. मॅडमनी सर्जनला फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. "काय निघालं?" मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. कॅन्सरच होता, पण लहान होता आणि कडा स्वच्छ ठेवून पूर्ण निघाला होता. रकाना भरला. त्याच ओळीत आपला आधीचा अंदाज त्यांनी तसाच ठेवला, खोडला नाही. त्या दुपारी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, संध्याकाळी एसटीत खाल्ला, शेजारच्या बाईला लोणचं आवडलं.

मामा अजून आहेत. दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात, एक मिनिट आधी. मामी येतात, बाकावर बसतात, पण मॅडमशी कधी बोलल्या नाहीत. मॅडमनी त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. दर वेळी फक्त सगळ्यात आधी त्यांना बाहेर येऊन सांगायच्या, "ठीक आहे." मामी मान हलवायच्या.

त्यानंतर मॅडम लिव्हरच्या प्रत्येक पेशंटला स्वतः प्रश्न विचारायला लागल्या. कावीळ कधी, रक्त कधी चढवलं, दारू किती, घरात कुणाला काय, मेंढरं आहेत का, कुत्रं आहे का, कुत्र्याचं नाव काय. कुत्र्याचं नाव कशाला, असं महेशनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "नाव सांगताना माणूस हसतो. मग बाकीचं खरं सांगतो."

या प्रश्नांना वेळ लागायचा. पेशंट वाढले होते, रांजणगावच्या कंपन्यांची गर्दी सुरू झाली होती. मालकांनी फोटो नेटवरून बाहेर पाठवायची सोय केली. कुठल्यातरी शहरातला कुणीतरी डॉक्टर तासाभरात रिपोर्ट पाठवायचा, टाइप केलेलाच. मॅडमना कुणी जा म्हटलं नाही. त्यांच्यासमोर फोटो यायचे कमी झाले, एवढंच. साठ झाल्यावर त्यांनी काम सोडलं. निरोप समारंभात शाल-नारळ झाल्यावर लोकांनी दोन शब्द बोलायचा आग्रह केला. मॅडम उभ्या राहिल्या. "पेशंटनी श्वास चांगला धरला. महेशनं सुया चांगल्या लावल्या. शेलारनी टाइप चांगलं केलं. आभार." आणि बसल्या. मला नंतर तिथंच रिसेप्शनवर घेतलं.

त्यानंतर दीड वर्षानं आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची तब्येत बिघडली. जेवण तुटलं, अंग उतरलं. स्कॅन आमच्याच सेंटरला झाला. रिपोर्ट बाहेरून आला. लिव्हरमध्ये अनेक डाग, कडेला वळं धरणारे, आतड्यातून पसरल्याची शक्यता. असल्या ओळी मी स्वतः शेकडो वेळा टाइप केल्या होत्या, त्यामुळं वाचायला काही अडलं नाही.

मी सीडी घेऊन दौंडला गेलो. सांगायला लाज नाही, मी चूक शोधायला गेलो होतो. एकदा चुकलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं, म्हटलं पुन्हा चुकलेलं असू शकतं. मॅडमनी जुना लॅपटॉप उघडला. स्वेटर नव्हता, ते मला विचित्र वाटलं. पाऊण तास त्या बघत होत्या. मी त्यांच्या बहिणीनं दिलेलं पाणी हातात धरून बसलो होतो. मधे त्यांनी आबांच्या काविळीपासून बैलांपर्यंत सगळं विचारलं. मग चष्मा काढला.

"रिपोर्ट बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नीट बघून लिहिलाय."

मॅडमनी लॅपटॉप मिटला.

"आबांना काय सांगितलंय?"

"सूज हाय म्हटलंय."

त्या उठल्या आणि चपला घातल्या. "चला. तुम्हाला सांगता यायचं नाही."

आबा न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर अंगणात बाजेवर बसले होते. समोर काढणीला आलेला कांदा. मॅडम त्यांच्याशेजारी बाजेवरच बसल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही आत जा." मी दाराच्या आत उभा राहिलो. बोलणं ऐकू येत नव्हतं. मॅडम बोलत होत्या, आबा कांद्याकडं बघत होते. मग आबांनी काहीतरी विचारलं. मॅडमनी सांगितलं. पुन्हा काही विचारलं. आणि मग आबा हसले. गेल्या दोन महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

मी बाहेर आलो तेव्हा आबा म्हणाले, "बाईला एसटीला घालून ये. आन् येताना कांद्याला मान्सं सांगून ये. हे काम आता लांबवायचं न्हाई."

कांदा निघाला. आबा पुढच्या पावसाळ्यापर्यंत होते. काय करायचं, कुणाला बोलवायचं, पुण्याला कुठवर न्यायचं आणि कधी थांबायचं, हे सगळं त्यांनीच ठरवलं. किती दिवस आहेत हे मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की नाही, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पुढं मॅडम बहिणीला घेऊन भाच्याकडं राहायला गेल्या आणि नंबर बदलला. त्यामुळं त्या दिवशी न्हावऱ्याच्या स्टँडवर बघितल्या त्या शेवटच्या.

एसटीला उशीर होता. आम्ही निवाऱ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "मॅडम, आबा हसले कशाला?"

मॅडम रस्त्याकडं बघत होत्या. "मी सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, बाई, तुमचं लिव्हर कसं हाय?"

"मग?"

"म्हटलं, कधी बघितलंच नाही."

दौंडची गाडी आली. मॅडमनी पदर खोचला आणि गर्दीत कोपर घालून चढल्या. खिडकीशी एक माणूस मांडीवर टोपली घेऊन बसला होता. काचेतून मला आवाज येत नव्हता, पण मॅडम त्याला काहीतरी विचारत होत्या आणि तो शर्ट वर करून त्यांना उजवी कूस दाखवत होता. गाडी सुटली.